कमरेच्या मणक्यातलं इंजेक्शन चार तासांत उतरलं, फुकट गेलं का?

मिरजेची सून: सासूबाई 67 वर्षांच्या. दोन वर्षं कंबर धरलीय. मागे वाकलं की कळ येते, पायात मुंग्या नाहीत. एमआरआयमध्ये नुसती 'वयोमानानुसार झीज'. मंगळवारी मेडियल ब्रँच ब्लॉक (मणक्याच्या सांध्याची कळ नेणाऱ्या नसांजवळ इंजेक्शन) दिला, उजवीकडे तीन टोचे. दुपारी बरं होतं, संध्याकाळी पुन्हा तेच. डॉक्टर म्हणतात, पुन्हा एकदा देऊ. सासरे चिडलेत, पैसे उकळतात म्हणून. काय करावं?

निवृत्त एसटी चालक: ताई, ते उतरायचंच असतं. त्यात थोडीशी भूल असते, दुखणं मणक्याच्या सांध्याचंच आहे का ते पाहायला. एका सांध्याला दोन नसा, म्हणून शेजारच्या दोन सांध्यांना तीन टोचे.

माझी चूक सांगतो. पहिल्या वेळी मी घरी आलो, जेवलो आणि झोपलो. उठलो तोवर भूल उतरलेली. डॉक्टरांनी विचारलं, किती टक्के कमी झालं? मला सांगताच येईना. एक इंजेक्शन वाया गेलं, त्याचं आजही वाईट वाटतं. दुसऱ्या वेळी वही घेऊन बसलो. दर अर्ध्या तासाला दहापैकी आकडा लिहिला. जिना चढलो, बादली उचलली, मागे वाकलो, म्हणजे ज्यानं दुखायचं ते सगळं मुद्दाम केलं. आठावरून एकवर आलं होतं. मग आरएफ (रेडिओफ्रिक्वेन्सी) केलं, त्यात सुईचं टोक 80 अंशांपर्यंत तापवून ती नस जाळतात. दहा महिने सुखाचे गेले. नस पुन्हा वाढते, तेव्हा दुखणं परत येऊ शकतं, हेही आधीच सांगून ठेवतो.

फिजिओ, कोल्हापूर: दुसरं इंजेक्शन पैशासाठी नसतं हो. एकावरच विसंबलं तर चारांत एखाद्याचा तरी निकाल फसवा निघतो. त्या दिवशी सकाळी वेदनाशामक गोळी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारा. घेतली तर आराम गोळीचा की इंजेक्शनचा, कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आठवणीनं सांगा, पण मनानं बंद करू नका.

मिरजेची सून: काका, वाचून सासूबाईंना विचारलं. त्या दिवशी साडेबाराला त्यांनी पाटावर बसून सात भाकऱ्या थापल्या आणि ओट्याला हात न लावता उठल्या. मी तिथंच होते, लक्षातच आलं नाही. चारला कळ परत आली. हे सगळं लिहून ठेवलंय. सासऱ्यांनाही वाचून दाखवलं. सोमवारी ते स्वतःच सासूबाईंना घेऊन जाताहेत.