अर्ध्या लोकांना डॉक्टर नाही, शेत पाहिजे! पटतंय का?

माळावरचा: मंडळी, बारा वर्षं हिंजवडीत काढली. रात्री दोनपर्यंत कॉल, ॲसिडिटी, छातीत धडधड, शेवटी झोपेची गोळी सुरू झाली. दोन वर्षांपूर्वी भोरकडे दीड एकर घेऊन राहायला आलो, आता साडेनवाला डोळा लागतो, गोळी बंद (डॉक्टरला विचारूनच, आधीच सांगतो). आणि हे नुसतं माझं नाही, निम्हान्सचा (बंगळूरूची मानसिक आरोग्याची सरकारी संस्था) २०१५-१६ चा सर्व्हे बघा, महानगरांत मानसिक आजार १३.५ टक्के, खेड्यात ६.९. मातीत हात घाला, निम्मी दुखणी जातील.

कापूसकोंड्या: शेत पाहिजे? घेऊन जा भाऊ. नऊ एकर हाय यवतमाळ जिल्ह्यात, कोरडवाहू, सोबत सोसायटीचं कर्ज फ्री. तुम्ही आभाळाकडे पाहता तं तुम्हाले ढग दिसते, आम्हाले दुबार पेरणी दिसते. २०१७ ले बोंडअळीनं कापूस खाल्ला, त्याच हंगामात फवारणीची विषबाधा होऊन आमच्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसं गेली. माह्या बाबाची झोप तवा गेली ते अजून आली नाई. आन बांधावर कडुनिंब होता बरं का, चांगला डेरेदार.

माळावरचा: राव कर्जाचा विषय वेगळा, मी निसर्गाबद्दल बोलतोय.

पोफळीवाली: निसर्ग ना, तो आमच्याकडे ३ जून २०२० ला येऊन गेला, वादळाचं नावच निसर्ग 😅 श्रीवर्धनला सासऱ्यांची सगळी वाडी एका दुपारात आडवी झाली, आणि पोफळ नवीन लावली तर सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात, सत्तरीतल्या माणसाने काय वाट बघायची? ते वाडीत जायचेच थांबले. नुसते पडवीत बसून राहायचे, जेवण निम्म्यावर. आम्ही म्हटलं वय झालं, शेजारी म्हणाले बाहेरचं असेल, नारळ उतरवून झाला, गाऱ्हाणं घालून झालं. डोक्याचा डॉक्टर म्हटलं की लोक लगेच वेड्याच्या इस्पितळाचं नाव काढतात म्हणून वर्ष वाया गेलं. शेवटी दिराने मुंबईला नेलं, गोळ्या सुरू झाल्या, चार महिन्यांनी स्वतःहून कोयता मागितला. म्हणजे आधी डॉक्टर, मग वाडी.

रिटायर्ड अण्णा: सगळे त्या पोरावर तुटून पडू नका. मलाही गावी आल्यावर बरं वाटलं. पण ते झाडांमुळे की साहेब सुटला म्हणून, देव जाणे.

सिस्टरताई: मी उपकेंद्रात आहे. माळावरचा दादा, त्या सर्व्हेत बारा राज्यं होती, महाराष्ट्र नव्हताच. आणि त्याच सर्व्हेत डिप्रेशनच्या शंभरातल्या ऐंशीपेक्षा जास्त लोकांना उपचारच मिळाले नव्हते, ते नाही सांगितलंत. आमच्याकडे मी उदास आहे असं कोणी म्हणत नाही. बाया येतात त्या डोकं दुखतंय, हातपाय गळतात, जीव घाबरा होतो म्हणून. बीपी घेताना सासू बाहेर गेली की मग रडतात. २०२२ पासून टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठी सरकारी फोनसेवा, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं, मी नंबर देते पण घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात.

माळावरचा: बरं, 'अर्ध्या लोकांना' हे मागे घेतो. पण शेताने मला झोप दिली हे तर खरं ना?

कापूसकोंड्या: यंदा काहीच नाई पिकलं तं घरी काय होईन?

माळावरचा: बायकोचा पगार आहे.

कापूसकोंड्या: मंग झालं.

सिस्टरताई: कापूसकोंड्या भाऊ, बाबांना कुठं दाखवलंत का? जिल्हा रुग्णालयात प्रेरणा प्रकल्पाचे लोक असतात, शेतकऱ्यांच्या मनाच्या त्रासासाठीच आहे ते. आधी गावातल्या आशाताईला सांगा.

कापूसकोंड्या: नाई येत म्हणते. मी काय येडा हाय का म्हणते. ताई, तुम्ही बोलान का एकदा त्यायच्याशी? बीपीचं निमित्त करून.