मंजिष्ठेचा रंग सुती लड्यांवर टिकत नाही

प्रश्न:
हातमागासाठी आणलेले पाव किलो कच्चे सुती सूत मी मंजिष्ठेत रंगवले. लड्या रात्रभर तुरटीच्या पाण्यात ठेवून दुसऱ्या दिवशी मंजिष्ठेच्या काढ्यात तासभर उकळल्या. याच रीतीने रंगवलेल्या रेशमाला सुरेख लाल रंग चढला होता. सुतावर मात्र डागाडागांचा गुलाबी रंग आला आणि दोन धुण्यांत तोही गेला. चूक कोठे झाली असावी?

उत्तर १:
रेशमातील प्रथिने तुरटीतील ॲल्युमिनियम धरून ठेवतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि त्यावर साधी तुरटी फारशी ठरत नाही. म्हणूनच आपल्याकडचे रंगारी सुताला आधी हिरड्याच्या पाण्यात घालत आले आहेत. हिरड्यातील टॅनिन सुताला चिकटते, तुरटी त्या टॅनिनला धरते आणि रंग तुरटीला. सुताच्या कोरड्या वजनाचा पाचवा भाग, म्हणजे आपल्याला ५० ग्रॅम हिरडापूड पुरेल. तुरटीही तेवढीच घ्यावी. हिरड्यातून काढलेली लडी धुऊ नये, नुसती पिळून वाळवावी आणि मग तुरटीत घालावी.

उत्तर २:
हे अगदी योग्य आहे, परंतु डागांचे कारण त्याही आधीचे वाटते. कच्च्या सुतात कापसाचे नैसर्गिक मेण असते आणि ते निघाल्याखेरीज पाणी आत शिरत नाही. धुण्याचा सोडा आणि थोडा साबण घालून सूत तासभर उकळावे. पाणी पिवळट तपकिरी झालेले पाहिले, की इतका मळ त्यात होता याचे दर वेळी नवल वाटते. स्वच्छ सूत पाण्यावर टाकताच बुडते, तरंगत राहिले तर पुन्हा उकळावे. लडीचे बंद सैल ठेवावेत, नाहीतर बंदाखाली पांढरे पट्टे राहतात.

उत्तर ३:
भांडे स्टीलचे घ्यावे. हिरडा आणि लोह एकत्र आले की काळा रंग तयार होतो. कलमकारीतील काळी रेघ याच संयोगातून उमटते, मात्र आपल्या लाल रंगाला तो मारक ठरेल. मंजिष्ठेला खळखळून उकळी आणू नये, मंद आचेवर तास-दीड तास ठेवून लड्या अधूनमधून उलटाव्यात आणि त्याच पाण्यात थंड होऊ द्याव्यात.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. रंगवून झालेल्या या लड्या वाया गेल्या का?

उत्तर २:
मुळीच नाही. त्याच लड्या सोड्यात उकळून हिरड्यापासून पुन्हा सुरुवात करावी. उरलेल्या फिकट गुलाबी छटेने नव्या लाल रंगाला बाधा येत नाही.