प्लग एक, फोन दहा
वर कुणीतरी म्हटलंय की नाक्यावरचे मजूर फोनवर नुसते रील बघतात. बघतात की! पण आमच्या बिल्डिंगचं प्लास्टर चालू होतं तेव्हाचा बिहारकडचा गवंडी आठवतो. लिहिता येत नव्हतं, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून घरी रोज निरोप धाडायचा. २०१६ला यूपीआय आलं, तेव्हापासून मनिऑर्डरची वाट बघणं संपलं; पगाराच्या संध्याकाळीच पैसे गावी. अर्थात खातं भावाच्या नावावर, बायकोच्या हातात किती पडत देव जाणे. चार्जिंगवरून मात्र रोज भांडणं, खोलीत दहा माणसं आणि प्लग एक. २०२१पासूनच्या ई-श्रमवर, म्हणजे असंघटित कामगारांच्या सरकारी पोर्टलवर, स्वतः नोंदणी करायची तर आधारला जोडलेला नंबर लागतो. रिचार्जअभावी ते सिमच बंद पडलं, तर ओटीपी येणार कुठे?