शब्दचर्चा : ‘पुढे चाल’ आणि ‘बाद’

प्रश्न : इंग्लंडच्या एफए कप या फुटबॉल स्पर्धेच्या पहिल्या हंगामावर (1871-72) मराठीत टिपण लिहीत आहे. ‘बाय’ (प्रतिस्पर्धीच नसल्याने मिळणारा प्रवेश) आणि ‘वॉकओव्हर’ (प्रतिस्पर्ध्याच्या माघारीने मिळणारा प्रवेश) या दोन्हींसाठी आपल्याकडे ‘पुढे चाल’ असेच छापून येते. ते तसेच ठेवावे का? स्पर्धेला ‘बाद पद्धतीची’ म्हणण्यात काही अडचण नसावी, असे वाटते.

प्रतिसाद : कबड्डी-खोखोच्या बातम्यांत ‘पुढे चाल’ने काम भागते, कारण कोण पुढे गेला एवढेच वाचकाला हवे असते. आपल्या हंगामात मात्र संघ पुढे कसा गेला, हीच खरी गोष्ट आहे. फुटबॉल असोसिएशनचे (एफए) सचिव चार्ल्स अल्कॉक यांनी जुलै 1871 मध्ये मांडलेल्या कल्पनेतून निघालेल्या या स्पर्धेत 15 संघांची नावे आली. संख्या विषम असल्याने हॅम्पस्टेड हीथन्सला पहिल्या फेरीत प्रतिस्पर्धीच नव्हता. वाँडरर्सला प्रतिस्पर्धी होता, पण हॅरो चेकर्सने माघार घेतली. आणि क्रिस्टल पॅलेस व हिचिन यांचा सामना गोलशून्य बरोबरीत सुटल्यावर दोघांनाही पुढे घेण्यात आले, कारण बरोबरीनंतर सामना पुन्हा न खेळवता दोन्ही संघ पुढच्या फेरीत घेण्याची मुभा त्या वेळच्या नियमांत होती. या तिन्ही प्रकारांना ‘पुढे चाल’ म्हटले, तर वाचकाला काहीच उलगडणार नाही. माझ्या मते पहिल्यासाठी ‘पुढील फेरीत थेट प्रवेश’ लिहावे आणि ‘पुढे चाल’ फक्त माघारीसाठी राखून ठेवावी, तीही ‘अमुक संघाने माघार घेतल्याने’ असे कारण जोडून. तिसऱ्या प्रकाराला तयार शब्द नाही आणि मुद्दाम घडवूही नये. ‘बरोबरीनंतर दोन्ही संघ पुढे गेले’ हे सरळ वाक्य पुरेसे आहे.

ग्लासगोच्या क्वीन्स पार्कच्या बाबतीत हा भेद पाळला नाही, तर हिशेबच लागणार नाही. पहिल्या फेरीत त्यांची गाठ लिंकनशायरच्या डॉनिंग्टन स्कूलशी होती. अंतरामुळे सामना जुळेना, तेव्हा दोघांनाही पुढे घेतले. दुसऱ्या फेरीत पुन्हा तीच जोडी पडली आणि या वेळी शाळेने माघार घेतली. तिसऱ्या फेरीत पाचच संघ उरल्याने थेट प्रवेश मिळाला. अशा रीतीने एकही सामना न खेळता हा संघ उपांत्य फेरीत पोहोचला. तेथे 5 मार्च 1872 रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हलवर त्यांनी वाँडरर्सला 0-0 असे रोखले, पण फेरसामन्यासाठी राहण्या-येण्याचा खर्च परवडेना, म्हणून त्यांनी माघार घेतली. ज्या संघावर एकही गोल झाला नाही, तो ‘बाद झाला’ असे आपण लिहिणार का? मी लिहिणार नाही. ‘बाद पद्धत’ हे स्पर्धेचे वर्णन म्हणून खुशाल ठेवावे, पण ‘बाद होणे’ हे क्रियापद हरलेल्या संघापुरतेच वापरावे. विजेत्यांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे : अंतिम फेरीपर्यंत वाँडरर्सने प्रत्यक्ष जिंकलेला सामना एकच, क्लॅपहॅम रोव्हर्सविरुद्धचा. 16 मार्चला ओव्हलवरच त्यांनी रॉयल इंजिनिअर्सला 1-0 ने हरवले. गोल करणारे मॉर्टन बेट्स त्या दिवशी ‘ए. एच. चेकर’ या टोपणनावाने खेळले होते. ते मूळचे हॅरो चेकर्सचे, म्हणजे ज्या संघाच्या माघारीने वाँडरर्सला पहिल्या फेरीत पुढे चाल मिळाली त्याच संघाचे. आपल्या टिपणात ही नोंद जरूर यावी.

आणखी एक प्रतिसाद : वरील भेद मान्य आहेत. भर एवढीच, की स्पर्धेच्या अधिकृत नावात ‘चॅलेंज कप’ असे शब्द आहेत आणि पुढच्या हंगामाविषयी लिहिताना ते डोळ्यांआड करून चालणार नाही. 1872-73 मध्ये वाँडरर्सला आधीच्या फेऱ्या खेळाव्याच लागल्या नाहीत. इतर संघांनी आपापसांत लढून एक आव्हानवीर ठरवायचा आणि त्याने चषक राखणाऱ्याशी अंतिम सामना खेळायचा, अशी रचना होती. मैदान निवडण्याचा हक्कही वाँडरर्सकडेच होता. तेव्हा येथे ‘गतविजेता’ हा शब्द अपुरा पडतो, कारण आजचा गतविजेता इतरांसारखाच फेऱ्या खेळत येतो. ‘चषकधारक’ लिहिले तर अर्थ नेमका बसतो. त्या वर्षी आव्हानवीर होता ऑक्सफर्ड विद्यापीठाचा संघ. 29 मार्च 1873 रोजी लंडनच्या लिली ब्रिज मैदानावर वाँडरर्सने तो सामना 2-0 असा जिंकला. चषकधारकाची ही सवलत नंतरच्या हंगामांत राहिली नाही, त्यामुळे 1873-74 पासून ‘गतविजेता’ लिहायला हरकत नाही.