अ‍ॅडमिन पॅकेजचे मोड्यूल मोजण्याआधी एक हिशोबपट्टी छापून बघा

आडत_हिशेब (लातूर)
काल इथं एकानं लिहिलं: 'आडतीच्या ॲपला स्वतः अ‍ॅडमिन लिहीत बसणं येडेपणा आहे. फिलामेंटवरचं (लारावेल या पीएचपी चौकटीत अॅडमिन पॅनेल उभारायचं तयार साधन) मोड्यूलर पॅकेज घ्या, चाळीस मोड्यूल तयार, चार दिवसांत गिऱ्हाईकाच्या हातात.' खाली 'एकच नंबर'ची रांग. डेमोत रंगीत आलेख हलले की पारख झाली का?

मोड्यूलर म्हणता तर एक मोड्यूल काढून दाखवा. 'साठा' बंद करा. मेनूतून नाव जातं, पण टेबलं राहतात, परवानग्यांच्या ओळी राहतात, शेड्युलरमधलं (ठरल्या वेळी आपोआप चालणारं) रात्रीचं काम कुणी मुद्दाम थांबवलेलं नसेल तर ते पण चालूच राहतं. विक्रीचं मोड्यूल साठ्याच्या मॉडेलला थेट हाक मारत असेल तर पट्टी (शेतकऱ्याच्या मालाच्या विक्रीचा हिशेब) उघडताच ५०० एरर, म्हणजे सर्व्हर कोलमडला. अशा पॅकेजात मोड्यूल नसतात, नुसते फोल्डर असतात.

दुसरं, परवानग्या. फिलामेंटात रिसोर्सला (एका टेबलाच्या यादी-फॉर्मला) पॉलिसी, म्हणजे कुणी काय करायचं याचे नियम, नसेल तर तो पॅनेलात आलेल्या प्रत्येकाला खुला असतो. मेनूतून लपवलं म्हणजे बंद झालं असं नाही, मुनिमाच्या लॉगिननं थेट पत्ता टाकून बघा. मग दहा ओळी निवडून घाऊक डिलीट करा. तिथं मुळात डिलीट-एनी (घाऊक पुसायची एकच परवानगी) तपासलं जातं, एकेका ओळीची डिलीट पॉलिसी नाही. 'पक्की पट्टी पुसायची नाही' हा नियम ओळीवर लिहिला असेल तर तिथून गळतो. आणि रक्कम फ्लोटमध्ये (अंदाजे साठणाऱ्या दशांश आकड्यात) ठेवलेली दिसली की पुढं बघूच नका. क्विंटलचा भाव, किलोतलं वजन, वर हमाली-तोलाई. पैशापैशाचा फरक महिनाअखेरीला ताळ्यात दिसतो.

नांदेड_बॅकएंड
काल लिहिणारा मीच. पॉलिसी लिहायचा कंटाळा तुमचा अन् दोष पॅकेजचा? हातानं लिहिलेल्या अ‍ॅडमिनात काय असतंय ते सगळ्यांना माहितीय: प्रत्येक कंट्रोलरात 'रोल एक असेल तर', अन् एका कंट्रोलरात ते लिहायचं राहिलेलं. यादी, गाळणी, शोध, पानं, इम्पोर्ट, एक्सपोर्ट एवढं आयतं मिळतंय. दोन माणसांच्या दुकानानं हे सगळं परत लिहावं म्हणणं म्हणजे गिऱ्हाईकाच्या पैशावर हौस भागवणं.

जालना_सर्व्हर
आयतं? एक्सपोर्टचं बटण दाबल्यावर काम रांगेत जातंय, म्हणजे क्यू वर्कर (रांगेतली कामं उरकणारा प्रोग्राम) चालू पाहिजे. शेअर्ड होस्टिंगवर बहुतेकदा वर्करच नसतो. बटण दाबलं, 'सुरू झालं' असं दिसलं, फाईल कधीच येत नाही. मग रांग सिंकवर टाकायची (काम लगेच, पान उघडं असतानाच) अन् मोठ्या यादीला टाइमआउट घ्यायचा.

आवृत्त्या बघा. फिलामेंटची तिसरी २०२३ ला आली, चौथी २०२५ ला. गाभा पुढं जातो अन् तुमचे चाळीस मोड्यूल त्यांच्या मालकाच्या सवडीची वाट बघत बसतात. शेवटचा कमिट (कोडमधला नोंदलेला बदल) कधीचा, कमिट करणारे किती जण, हे बघायला पाच मिनिटं लागतात. तेवढी तरी द्या.

परभणी_अक्षर
तुमचं चालू द्या, पण मराठीत छापून कुणी बघितलं का? बरेच मोड्यूल पीडीएफ बनवायला डॉमपीडीएफ ही लायब्ररी लावतात. त्याला देवनागरीची जोडणी येत नाही. 'शेतकरी किसन' छापायला जा, 'कि'ची वेलांटी क-च्या आधी यायची ती नंतर जाऊन बसते. 'र्‍'चा तर चुराडा. शेतकऱ्याच्या हातात असली पट्टी देणार?

नांदेड_बॅकएंड
विषय काय, तुम्ही बोलताय काय! एमपीडीएफ ही दुसरी लायब्ररी घाला, झालं.

परभणी_अक्षर
'घाला, झालं' नाही, दादा. एमपीडीएफमध्ये फॉन्टच्या नोंदीत यूझ-ओटीएल (अक्षरजोडणीची सेटिंग) चालू करावं लागतं, नाहीतर तिथंही तोच घोळ. दुसरा मार्ग हेडलेस क्रोमचा, म्हणजे खिडकी न उघडता सर्व्हरवर चालणारा ब्राउझर. जोडणी अचूक येते, पण मेमरी खातो. डॉकरच्या सडपातळ इमेजमध्ये (ॲप चालवायच्या तयार साच्यात) देवनागरी फॉन्टच नसतो, सगळीकडं चौकोन उमटतात.

सीएसव्हीचं पण तेच. सुरुवातीला बीओएम (फाईल युनिकोडची आहे हे सांगणारी खूण) नसेल तर एक्सेलमध्ये नावांचा कचरा. वजनाच्या खान्यात कुणी '५०' मराठी आकड्यात टाकलं तर पीएचपी त्याला आकडाच मानत नाही. शोध घ्या: 'कुऱ्हाडे' दोन तऱ्हेनं टाइप होतं, एकात ऱ हे वेगळं अक्षर, दुसऱ्यात र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह). डोळ्याला सारखंच, डेटाबेसच्या लाइक-शोधाला वेगळं. 'ॲड.'चंही तसंच. साठवताना एकच रूप केलं नाही तर एकाच शेतकऱ्याची दोन खाती निघतात. हा विषय नाही तर कोणता?

धाराशिव_डेटा
यात आमची भर. जिल्हा नावानं साठवणारं मोड्यूल घेतलं की गाळणीत उस्मानाबाद, धाराशिव, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर असे चार 'जिल्हे' निघतात. २०२३ ला नावं बदलली, जुन्या नोंदी आपोआप बदलत नसतात. एलजीडी कोड (सरकारी यादीतला जिल्ह्या-गावाचा क्रमांक) साठवा, नाव वेगळ्या टेबलात ठेवा.

आणि जिल्हा-तालुका-गाव ही साखळी लाइव्हवायरवर (फिलामेंटचे फॉर्म ज्यावर चालतात त्यावर) असली तर प्रत्येक निवडीला सर्व्हरची एक फेरी. मोंढ्यात रेंज गेली की फॉर्म तिथंच अडकला. लारावेलचं सेशन (लॉगिन टिकायची मुदत) मुळात १२० मिनिटांचं. लाइट गेली, माणूस जेवून आला, 'पान कालबाह्य' म्हणतं अन् अर्धवट पट्टी गेली.

आडत_हिशेब (लातूर)
@नांदेड_बॅकएंड चाळीसातले किती मोड्यूल लागणार आहेत ते तरी सांगा.

नांदेड_बॅकएंड
सहा. हसा आता. घाऊक डिलीटचं तपासलं, तुमचं बरोबर आहे. ती क्रिया पट्ट्यांवरून काढूनच टाकतो. पण गाभा फिलामेंटच राहणार, यादी अन् फॉर्म मी हातानं लिहिणार नाही. पॅकेजातलं रिपोर्टाचं मोड्यूल तेवढं सोडतो. खुश?

आडत_हिशेब (लातूर)
गाभ्याला विरोध कुणी केला होता? भांडण चाळीसाच्या आकड्याशी होतं.

परभणी_अक्षर
रिपोर्ट क्रोमनं काढणार असाल तर सर्व्हरवर नोटो देवनागरी हा फॉन्ट टाकल्यावर एफसी-कॅशे (फॉन्टची यादी ताजी करणारी आज्ञा) चालवा. नाहीतर परवा 'चौकोन का येतात' म्हणून इथंच नवा धागा काढाल.