'शाश्वत' की 'पुरणारं'?

भाषांतरकार :
एका पुस्तिकेचं मराठी करते आहे, महिला बचतगटांत वाचायला. मूळ म्हणणं असं की माणसाची विचार करायची रीत बदलली, तरच जग टिकेल आणि त्यात सगळ्यांना वाटा मिळेल. मी लिहिलं, 'शाश्वत व समन्यायी जगासाठी मानवी विचारसरणीतील स्थित्यंतर'. सरकारी मराठीत हेच शब्द रुळलेत. संयुक्त राष्ट्रांनी 2015 साली ठरवलेल्या 17 उद्दिष्टांनाही आपण 'शाश्वत विकास ध्येये'च म्हणतो.

पहिल्या वाचनाला एका मावशींनी विचारलं, "शाश्वत म्हंजे कीर्तनातलं ना? देह अशाश्वत, देव शाश्वत?" मी समजवायला गेले आणि तोंडून निघालं, "नाही हो, विहिरीचं पाणी मे महिन्यापर्यंत पुरवायचं, तसं." लगेच सगळ्या बोलायला लागल्या. तेव्हापासून 'पुरणे' हे क्रियापद डोक्यातून जात नाही. 'शाश्वत'च्या जागी ते चालेल का?

कोशवेडा :
ताई, मावशींनी नेमकं दुखणं ओळखलं. शाश्वत म्हणजे ज्याला अंत नाही ते. आपण बोलतोय भूजल, माती, जंगल यांच्याबद्दल, म्हणजे जे संपतं त्याच्याबद्दल. संपणाऱ्या गोष्टीला न संपणारीचं विशेषण लावलं की वाचणाऱ्याला काही करावंसं वाटत नाही. 'टिकाऊ'ही अपुरा. चप्पल टिकाऊ असते, तो चपलेचा गुण. वापरणाऱ्याने काय करायचं ते त्यात येत नाही.

पुढच्यांसाठी राखून वापरायची ही कल्पना संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या ब्रुंटलांड आयोगाच्या 1987 च्या अहवालाने जगभर पोचवली, पण तिचं मूळ जुनं आहे. जर्मनीतल्या सॅक्सनीत चांदीच्या खाणी आणि भट्ट्यांसाठी लाकूड तोडून तोडून जंगलं उजाड झाली होती. हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ या खाण-अधिकाऱ्याने 1713 साली वनशास्त्रावरच्या ग्रंथात मांडलं की जेवढं वाढतं तेवढंच तोडा. त्यासाठी जर्मनमध्ये जो शब्द रुळला त्यात 'नाख' म्हणजे नंतर आणि 'हाल्टन' म्हणजे धरणं. आपल्याकडे याच्या जवळ जाणारं क्रियापद आहे 'राखणे'. देवराई राखली, बेणं राखलं, कुरण राखलं. राखण्यात कुणीतरी राखणारा असतो.

पण तुमचं 'पुरणे' त्याहूनही पुढचं वाटतं. त्याला चतुर्थी लागते. 'पाणी पुरतं' एवढं म्हणून वाक्य संपत नाही. ऐकणारा विचारतोच, कोणाला? आणि कधीपर्यंत? इंग्रजीत ज्यासाठी 'सस्टेनेबल' आणि 'इक्विटेबल' अशी दोन वेगळी विशेषणं जोडावी लागतात, ते दोन्ही प्रश्न इथे एकाच क्रियापदाच्या पोटात आहेत. 'पुरे' आणि 'पुरेसा' हे त्याच घरचे शब्द. (जमिनीत पुरणं ते वेगळं, त्याच्याशी गल्लत नको.)

आणखी एक. 'पुरवणे'ला आज आपण वेगळ्याच वाटेने नेलंय. पूर्वी पुरवून वापरणं म्हणजे आहे त्यात भागवणं. 'पाणीपुरवठा'त मात्र बाहेरून आणखी आणणं आलं: आणखी एक बोअर, आणखी लांबचं धरण, टँकरची आणखी एक खेप. 'हट्ट पुरवणे'तला पुरवणे हाच. तुमची पुस्तिका जो बदल म्हणते आहे, तो मला 'पुरवठा'कडून 'पुरवून'कडे जाण्यात दिसतो.

पांझराकाठ :
आमच्या धुळ्याकडच्या साक्री तालुक्यात पांझरा नदीवर पाणी वाटून घ्यायची फड पद्धत आहे, काही शतकं जुनी. बंधाऱ्याखालची जमीन फडांत वाटलेली, एका फडात एका हंगामाला एकच पीक. पाणी पाटकरी देणार, आपण पाट फोडायचा नाही. राखणीला जागल्या. पाऊस कमी झाला की एखादा फड कोरडा ठेवायचा असं सगळे मिळून ठरवतात. प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असतो, म्हणून झळ एकट्यालाच बसत नाही. लहानपणी आजोबांबरोबर पाटावर बसायचो. पाणी आमच्या वाफ्यात शिरताना मातीवर आधी फेस यायचा, आणि वाफा भरतो न भरतो तोच पाटकरी चिखलाचा गोळा टाकून तोंड बंद करायचा. आजोबा म्हणायचे, "पुढच्याला पुरलं पाहिजे." 'शाश्वत' शब्द मी पहिल्यांदा कॉलेजात ऐकला.

टँकरवाडी :
मला इथे थांबवावंसं वाटतं. मी मराठवाड्यातली. 'पुरवून वापर' हे आमच्याकडे कुणी कुणाला म्हणतं ते बघा. सासू सुनेला म्हणते, आई मुलीला म्हणते. बादलीत हात घालू नको, तांब्याने घे, मागे दोघं राहिलेत. पातेल्यातलं कालवण सगळ्यांना पुरवायचं आणि स्वतः तळाला लागलेलं खायचं, हे बायकांनी जन्मभर केलं. त्यांच्याच बचतगटात जाऊन आपण 'पुरवायला शिका' सांगणार? ज्याच्या शेतात बारमाही ऊस उभा आहे त्याला हा शब्द कोण ऐकवणार? वाटा कसा पडतो हे वाक्यात उघड आलं नाही, तर 'पुरवणे' म्हणजे गरिबाने आणखी पोट आवळणं, एवढाच अर्थ उरेल.

सासवडकर :
टँकरवाडी ताईंचं शंभर टक्के खरं. म्हणूनच 'समन्यायी' काढू नका. शब्द जड आहे, पण पाण्याच्या चळवळीत वावरलेल्या माणसांनी तो मातीत रुजवलाय. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी आमच्या पुरंदर तालुक्यात नायगावला पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी मोजायचं. माणशी अर्ध्या एकराचं, घरटी जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही पाण्यावर हक्क. ऊस लावायचा नाही. 'समान' म्हटलं असतं तर वीस एकरवाला म्हणाला असता, मला एकरी समान द्या. भागायचं कशाने, हा भांडणाचा मुद्दा होता, आणि 'समन्यायी'त त्याचं उत्तर येतं. आता पैठणच्या जायकवाडी धरणात पावसाळ्यानंतर साठा ठरल्यापेक्षा कमी असला की वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून हाच शब्द पेपरात येतो. वरच्या भागात तो ऐकून कपाळाला आठ्या पडतात, खाली पैठणला आशा वाटते. म्हणजे शब्द अजून जिवंत आहे.

कोशवेडा :
पटलं. माझ्या लेखी 'कोणाला' हा प्रश्न क्रियापदात होता, पण उत्तर नव्हतं. राहिलं 'स्थित्यंतर'. ते सरळ काढा. 'मानसिकता' नको, तो शब्द हल्ली दुसऱ्याला नावं ठेवण्यापुरताच उरलाय. 'वळण' बघा. पोराला वळण लावतात, पाण्यालाही वळण देतात, आणि दोन्हींना रोज थोडं थोडं लागतं.

भाषांतरकार :
सगळ्यांचे आभार. टँकरवाडी ताई, तुम्ही लिहिलंत ते वाचून मी पहिला परिच्छेद पुन्हा लिहिला; आता सुरुवात जास्त वापरणाऱ्यांपासून होते. मथळा असा केला: 'आहे ते सगळ्यांना पुरावं आणि मागच्यांना उरावं : विचारांना नवं वळण'. आत जिथे वाटपाचा मुद्दा येतो तिथे 'समन्यायी' ठेवला, माणशी मोजण्याच्या उदाहरणासकट.

पांझराकाठ :
ताई, 'मागच्यांना' मध्ये घोटाळा होईल. रांगेत मागचे म्हणजे अजून यायचे, पण मागच्या पिढ्या म्हणजे होऊन गेलेल्या.

भाषांतरकार :
अगदी बरोबर, निसटलंच होतं. 'मागून येणाऱ्यांना' करते. उद्या मावशींना वाचून दाखवणार आहे.