लेट्राइल तपासलं गेलं होतं
काही जण म्हणतात की जर्दाळूच्या बियांपासूनच्या 'लेट्राइल'कडे, म्हणजे कर्करोगावरचा पर्यायी उपाय म्हणून गाजलेल्या पदार्थाकडे, कर्करोगतज्ज्ञांनी ढुंकूनही पाहिलं नाही. तसं नाही हो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचे डॉक्टर चार्ल्स मोर्टेल, पोटा-आतड्यांच्या कर्करोगात हयात घालवलेला माणूस. त्यांनी ते 178 रुग्णांना देऊन पाहिलं आणि 1982 साली निकाल छापला: ठोस फायदा नाही, उलट काहींमध्ये सायनाइडच्या विषबाधेची लक्षणं.

आणि याच मोर्टेलनी मेंढ्यांना जंतांसाठी देतात ते लेव्हामिसोलही तितक्याच मोकळ्या मनाने तपासलं! मोठ्या आतड्याचा कर्करोग लिम्फ नोडपर्यंत (लसिका ग्रंथींपर्यंत) पोचला असेल, तर ऑपरेशननंतर 5-एफयू या केमोच्या औषधासोबत ते दिल्यास मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, हे त्यांच्या गटाने 1990 मध्ये दाखवलं. पुढे लेव्हामिसोल मागे पडलं. ऑपरेशननंतरची केमो मात्र टिकली.